लोह्याच्या वाटेवरचा जीन

नांदेड

"सुशीला खाता का?" स्टेशनबाहेर मला घ्यायला आलेल्या गृहस्थांनी विचारलं आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हॉटेलच्या दाराशी लावलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. सुशीला म्हणजे भिजवून पिळून घेतलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची खमंग फोडणी आणि वर दाण्याचा कूट. आम्ही पुण्याची माणसं सकाळी उठून पोहे खातो आणि जगात दुसरं काही खाण्यासारखं नाही असं समजतो. मी दोन प्लेट खाल्ल्या. हे नाव कुठल्या सुशीलाबाईंमुळे पडलं, म्हणून हॉटेलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आमाला काय माहीत मॅडम, आमी जल्मलो तवा हिचं नाव ठिवून झालतं."

हे गृहस्थ म्हणजे सिद्धार्थचे वडील. पांढरा सदरा, पायजमा, गळ्यात निळा मफलर, सत्तरीला टेकलेले पण पाठ ताठ. घरचे आणि गावचे सगळे त्यांना दादा म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणू लागले. त्यांनी "जय भीम" केला, मीही "जय भीम" म्हटलं आणि त्यांनी माझ्या हातातली बॅग काढून घेतली ती लोह्यापर्यंत परत दिली नाही.

मी का गेले होते ते आधीच सांगून टाकते. सिद्धार्थ आमच्या संशोधन संस्थेच्या कार्यालयात काम करतो. चाळिशी गाठायच्या आत त्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, आता तो बरा होतो आहे. तपासणीत निघालं की त्याच्या पेशींना एक ठरावीक दुरुस्ती जमत नाही. नेमकी तीच दुरुस्ती माझा विषय. फक्त मी ती यीस्टमध्ये बघते, पाव फुगवायला घालतात त्या यीस्टच्या एका लांबच्या नातलगात. जन्मभर ज्या गोष्टीचा पाठलाग केला ती गोष्ट दोन मजले खाली, कार्यालयातल्या माणसाच्या पोटात निघावी, याचं मला आश्चर्य वाटलं आणि खरं सांगायचं तर जरा लाजही वाटली.

सिद्धार्थला धाकटी बहीण आहे, सुजाता. लातूरला असते. तिच्यातही तोच बिघाड असण्याची चांगलीच शक्यता होती. आतड्याची तपासणी वेळेवर झाली तर रोग व्हायच्या आतच त्याला अडवता येतो. पण ती तपासणी होत नव्हती. "दादा होऊ देत नाहीत," सिद्धार्थ म्हणाला. "म्हणतात, तिला काही होणं शक्यच नाही. मॅडम, माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही जाऊन या." यीस्टला वडील नसतात, त्यामुळे कुणाची समजूत काढायचा मला काडीचा अनुभव नव्हता. तरी मी हो म्हटलं. आणि मनातून मला ते घर बघायचंच होतं.

एसटी नांदेड सोडून मोकळ्यावर आली. थंडीचे दिवस. तूर काढणीला आलेली, कापसाची शेवटची वेचणी चाललेली, आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांत गाड्यांतून उडालेला कापूस अडकलेला. दादा प्रत्येक गावाचं नाव सांगत होते, कुणाची विहीर कुठे, कुणाचा पोरगा तलाठी झाला, सगळं. लोहा जवळ आलं आणि डाव्या हाताला पत्र्याची एक मोठी शेड दिसली, छप्पर खचलेलं, फाटकाला कुलूप. "हे काय आहे?" मी विचारलं. "बंद हाय ते," दादा म्हणाले, आणि उजवीकडच्या खिडकीतून बाहेर बघू लागले. उजवीकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं.

लोहा

गाव लोह्यापासून जवळच आहे. घर दोन खोल्यांचं, निळ्या रंगाचं, समोर अंगण. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या खाली सिद्धार्थचा पदवीचा फोटो. सिद्धार्थच्या आईला सगळे माय म्हणतात. बारीक अंगाची, झपझप चालणारी बाई. तिने मला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि लसणाची चटणी वाढली आणि मी तिसरी भाकरी नको म्हटल्यावर "पुन्याला काय खाता मंग?" असं काळजीने विचारलं. तिची काळजी खरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उन्हाला बसून मी माझं व्याख्यान सुरू केलं. रात्री मनाशी तयारी केली होती. भाषा सोपी, उदाहरणं घरगुती.

"आपण श्वास घेतो, जेवतो. प्रत्येक पेशी ते अन्न प्राणवायूवर जाळते, म्हणून आपल्याला ताकद मिळते. पण जाळ म्हटला की ठिणग्या आल्या. त्या ठिणग्यांमुळे पेशीच्या आतल्या मजकुराला गंज लागतो."

"गंज?" माय म्हणाली. "लातूरचा गंज?"

लातूरची जुनी बाजारपेठ म्हणजे गंज, हे मला तेव्हा कळलं. दादांनी मदत केली. "जंग मनून राहिल्या त्या. लोखंडाला लागतो तो जंग."

मी खूश झाले. गंज आणि जंग, तीच दोन अक्षरं, नुसती जागा बदललेली. माझा सगळा विषयच तो. पेशीच्या मजकुरात चारच अक्षरं असतात आणि ती जोडीने बसतात. ग समोर नेहमी स. पण ग ला जंग लागला की त्याचा चेहरा बदलतो आणि मजकुराची नक्कल होताना त्याच्यासमोर चुकून अ येऊन बसतो. हे होऊ नये म्हणून पेशी कामगार ठेवते. पहिला कामगार जंगलेला ग शोधून उपटून टाकतो. त्याच्या नजरेतून सुटला आणि समोर अ बसलाच, तर दुसरा कामगार येतो आणि तो अ उचलून बाहेर काढतो. मग रिकाम्या जागी योग्य अक्षर भरलं जातं, तुटलेला धागा सांधला जातो. आपण इथे बोलत बसलोय तेव्हाही आपल्या अंगात हजारो जागी हे काम चालू आहे.

"आत्ता बी?" मायने स्वतःच्या मनगटाकडे बघत विचारलं.

"आत्ताही."

"मंग श्वासानंच जंग लागतो मना की," दादा म्हणाले. "घ्यायचा न्हाई का मंग?"

तिघेही हसलो. मला वाटलं, चला, जमलं. मग मी मुद्द्यावर आले. "सिद्धार्थकडे हा दुसरा कामगार नीट काम करत नाही. आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं, सतत नक्कल चालू. त्या चुका साचत गेल्या. आणि याचं कारण म्हणजे जीनमधला दोष. वडिलांकडून आलेला, आणि..."

दादा उठले. मफलर खांद्यावर टाकला आणि शेताच्या वाटेने निघून गेले.

वाक्य अर्धं राहिलं होतं. काय चुकीचं बोलले ते कळेना. माय भाकरीचं पीठ मळायला आत गेली तशी मी तिच्यामागे गेले.

"त्यास्नी ते बोलायचं न्हाई मॅडम," ती खाली बघत म्हणाली. "नांदेडचा डॉक्टर फोनवर तेच बोलला, पुन्याचा बी तेच बोलला. वडलांकडून आलं, जीनमधून आलं. ते समदं त्यास्नी ठावं हाय. लेकराला जीनमधी नेला त्यांनी, ते खरंच हाय. पन मी बी व्हते की तिथं. मला बी दोष लावा."

"जीनमध्ये नेला?"

"तुमी आल्या त्या वाटंला न्हाई का, पत्र्याचा. कापसाचा जीन."

मी पाट ओढून बसले. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करतात तो कारखाना म्हणजे जीन. अख्ख्या मराठवाड्यात तो शब्द आहे, माणसं जीनमध्ये कामाला जातात, कापूस जीनवर घालतात. दादांची उमेदीची वर्षं त्या जीनमध्ये गेली होती. माय तिथेच कवडी निवडायची, म्हणजे डागाळलेला, किडका कापूस वेचून बाजूला काढायची. सिद्धार्थ लहान असताना घरी बघणारं कुणी नव्हतं म्हणून दादा त्याला सोबत न्यायचे. सुजाता जन्मली तोवर घरी आजी राहायला आली होती. सुजाता जीनमध्ये कधी गेलीच नाही.

आणि मग डॉक्टरांमागून डॉक्टर सांगत आले, जीनमध्ये दोष आहे, वडिलांकडून आला आहे. दादांनी ते शब्द जसे ऐकले तसे मनावर घेतले. आपण पोराच्या नाकातोंडात रुई घातली, आपल्यामुळे त्याला कॅन्सर झाला. आणि सुजाता त्या फाटकाच्या आत गेली नाही, म्हणून ती वाचली. तिला तपासायला नेणं म्हणजे त्यांच्या लेखी उगाच नख लावणं होतं.

मला स्वतःचाच राग आला आणि दादांची इतकी कीव आली की डोळे भरून आले. चूल धुपत होती ते बरं झालं.

"सुजाताला कसं आहे हल्ली?" मी विचारलं.

मायने पीठ मळणं थांबवलं. "मूळव्याध झालाय मनती. रगत पडतंय. औषध घेऊन राहिली कसलं तरी. दादाला सांगू नको मनली."

आम्ही दोघी शेतात गेलो. दादा बांधावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी मातीत बसले आणि म्हटलं, "दादा, मी म्हणत होते तो जीन वेगळा. इंग्रजी शब्द आहे, नुसता ऐकायला तसा लागतो. आपल्याकडे त्याला जनुक म्हणतात."

जनुक. शाळेच्या पुस्तकातला शब्द. आम्ही प्रयोगशाळेत कुणी तो वापरला तर हसतो. दादांनी तो कधी ऐकलेला नव्हता आणि त्या क्षणी मला त्याहून चांगला शब्द मराठीत दिसत नव्हता.

"जनुक," ते म्हणाले. "कापसाशी संबंध न्हाई?"

"अजिबात नाही. रुईने हे होत नाही. प्रत्येक कामगार घडवायची कृती आपल्या पेशीत दोनदा लिहिलेली असते, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. त्याला जनुक म्हणायचं." मग मला मायचं काम आठवलं. "माय, कवडी निवडायला तुम्ही किती जणी समोरासमोर बसायच्या?"

"माझ्यासमोर शेवंता असायची."

"शेवंता आजारी पडली तर?"

"मी एकटी निवडायचे. चालायचं."

"आणि दोघीही नाही आल्या तर?"

"कवडी समदी गठाणीत जाती की मंग."

"तसंच. तुमच्या दोघांकडे एकेक कृती चांगली आहे, एकेक चुकलेली. एका चांगल्या कृतीवर काम भागतं, म्हणून तुम्हाला काही झालं नाही. सिद्धार्थच्या वाट्याला नेमक्या दोन्ही चुकलेल्या आल्या. यात कुणी काही केलं नाही. आणि सुजाताच्या वाट्याला काय आलं ते बघितल्याशिवाय कळणार नाही."

दादा ढेकूळ हातात फोडत बसले. मी दोघांचं आधीचं काही नातं आहे का विचारलं. "मामाचीच पोरगी की ही," ते म्हणाले. आमच्याकडे मामेबहिणीशी लग्न म्हटलं तर घरात आठवडाभर अबोला होईल. इथे मामाच्या मुलीवर पहिला हक्कच. मी सांगितलं की जवळच्या नात्यात तीच चूक दोघांकडे असायची शक्यता वाढते.

"मंग लगीनच चुकलं मना की," दादा म्हणाले.

"आता सांगता व्हय!" माय कडाडली. "चाळीस वरसं भाकरी खाऊन आता सांगता!"

दादा हसले. मी आल्यापासून पहिल्यांदा मोकळं हसले. मग हसू एकदम थांबलं, कारण दुसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. इतके दिवस सुजाता एका फाटकाच्या बाहेर सुखरूप उभी होती आणि आता ते फाटकच उरलं नव्हतं.

मायने तेव्हा रक्ताचं सांगितलं. दादा उभे राहिले. "लातूरची गाडी किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही त्याच दुपारी निघालो.

लातूर

लातूरमध्ये डाळीच्या मिलचा वास आणि क्लासच्या पाट्या एकाच वेळी अंगावर येतात. डॉक्टर व्हायला निघालेली अख्ख्या मराठवाड्यातली मुलं इथे येऊन राहतात आणि त्यांना जेवू घालायला गल्लोगल्ली मेस आहेत. त्यातली एक सुजाताची. नवरा बाजारात हिशेबनीस, ही मुलींची मेस चालवते. पातेली, पोळ्यांच्या चळती, भिंतीला टेकून पुस्तक वाचत जेवणाऱ्या मुली, आणि या सगळ्यात पदर खोचून उभी असलेली सुजाता, हुबेहूब मायसारखी झपझप.

मी कोण ते कळल्यावर मुलींनी मला घेरलंच. दुरुस्तीच्या पायऱ्या त्यांना माझ्यापेक्षा घडाघड पाठ होत्या. परभणीच्या एकीने कामगारांची नावं एका श्वासात म्हणून दाखवली. मी तिला विचारलं, हे सगळं आत्ता तुझ्या पोटातही चाललंय, माहीत आहे ना? ती विचारात पडली आणि म्हणाली, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

मुली क्लासला गेल्यावर मी सुजाताशी बोलले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला जीन माहीत न्हाई असं वाटलं का मॅडम तुमाला?" ती म्हणाली. "पोरी सकाळ-संध्याकाळ घोकून राहिल्यात माझ्या कानापाशी. दादाचा घोटाळा झालाय ते कवाच समजलं मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दादा मनायचे, तुला काय व्हत न्हाई, तू जीनमधी गेलीस न्हाईस. लई गोड वाटायचं ते. रगत दिसलं की मी तेच मनात मनायचे." ती पातेलं घासू लागली. "आन आता पोरींच्या परीक्षा आल्यात. कोण रांधंल?"

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी दादा स्वयंपाकघरात आले. बाहेर चपला काढून ते दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते सुजाताजवळ गेले आणि तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"माझं चुकलं बाई," ते म्हणाले. "मी सांगितलं ते खोटं हाय. तुला व्हऊ शकतं. चल."

तिने बापाकडे बघितलं आणि ती रडायला लागली. इतक्या दिवसांची भीती एकदम बाहेर आली. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, दुसऱ्या हातात खरकटं पातेलं.

पुढची गोष्ट तपासणीच्या तयारीची, तिचं वर्णन करत नाही. ते खारट औषध पिताना सुजाताने जी तोंडं केली त्यावर माय पदराआड हसत होती, एवढंच सांगते. मेस मुलींनी सांभाळली. त्यांनी खिचडी लावली आणि करपवली आणि सगळ्यांनी ती निमूट खाल्ली.

दवाखान्याच्या बाकावर दादा माझ्या शेजारी बसले होते. दार बंद झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तो दुसरा कामगार कसा सापडवतो हो मॅडम, एवढ्या अक्षरांत एक चुकीचं?" मी सांगितलं, तो धाग्यावरून सरकत सरकत जातो, अक्षरांची जोडी चाचपतो, आणि नेमका कसा ओळखतो ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही, त्यासाठीच मी यीस्ट घेऊन बसते. "बसा बसा," दादा म्हणाले, "सोडू नका." मला कुठल्याही बक्षिसाने झाला नसता एवढा त्या शब्दांनी आनंद झाला. पण दारावरची नजर आम्ही दोघांनीही काढली नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. आतड्यात मोडासारख्या गाठी होत्या. बऱ्याच होत्या, त्यांतल्या काही रक्त गळणाऱ्या. दुर्बिणीतूनच सगळ्या काढल्या. तपासायला पाठवल्या. त्याच वेळी सुजाताचं रक्तही जनुकाच्या तपासणीसाठी दिलं.

रक्ताच्या निकालाला वेळ लागणार होता, गाठींचा येईपर्यंत मी राहिले. ते दिवस कसे गेले म्हणून विचाराल तर लातूरच्या शेंगदाण्याच्या चटणीवर गेले असं सांगेन, आणि ते खोटं असेल. निकाल आला. कॅन्सर नाही. होऊ पाहत होता, व्हायच्या आत काढला गेला. आता दरवर्षी बघायचं. सुजाताने फोन ठेवला आणि परभणीच्या मुलीला ओरडली, "अगं ती पोळी जळून राहिली!"

परत

नांदेडला गाडी गाठायची होती. दादा सोडायला आले, बॅग अर्थातच त्यांच्याकडे. जीप अहमदपूर मागे टाकून निघाली. या वेळी दादा फारसं बोलत नव्हते. लोहा ओलांडलं, पत्र्याची शेड आली, या वेळी उजव्या हाताला, आणि दादांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात मारला. "थांबव रे जरा. मॅडम, पुढली जीप घेऊ."

आम्ही उतरलो. फाटकाला कुलूप होतं पण बाजूची भिंत पडलेली. दादा भिंतीपलीकडे गेले नाहीत. तिथूनच बोट करून सांगू लागले. इथे काटा, इथे गाड्या लागायच्या, इथे माय आणि शेवंता बसायच्या. "आन त्या कोपऱ्यात रुईचा ढीग. हितवर," त्यांनी छातीला हात लावला. "थंडीत सिधू त्यात झोपायचा. लई ऊब असायची बगा. उठवला की डोकं समदं पांढरं. माय मनायची, म्हातारं झालं माझं लेकरू."

ते हसत होते आणि डोळे पुसत होते. मग सदऱ्यातून फोन काढला आणि लांब धरून नंबर लावला.

"सिधू? मी जीनपाशी उभा हाय."

पलीकडून सिद्धार्थ काहीतरी विचारत होता, घाबरून असावा.

"न्हाई रे बाबा, तो न्हाई," दादा म्हणाले. "आपला जीन. कापसाचा."